डोंगराच्या पाठीमागे

प्राचीन संस्कृती मोठ्या नद्यांच्या काठी उदयाला आल्या, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी पाठ केलेलं असतं. त्याखाली चार नावं येतात: नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, होआंग हो. वाक्य खोटं नाही. पण एवढ्याच शिदोरीवर कुणी एप्रिल महिन्यात शिरूर तालुक्यातल्या घोड नदीच्या काठी जाऊन उभं राहिलं, तर त्याला समोरचं काही उलगडणार नाही. खोल कापलेलं पात्र, दोन्ही बाजूंना काळी जमीन, मधे डबक्यांपुरतं पाणी. या नदीला पूर येतो तोही काही दिवसांचा, आणि तो शेतावर सोनं पसरून जात नाही. तरीही या नदीकाठी, इनामगावला, साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं घरं बांधून राहत होती आणि पुढे आठ-नऊशे वर्षं ती तिथून हलली नाहीत. कशाच्या जोरावर?

आधी नाईलबद्दल दोन शब्द, कारण आपल्या डोक्यातलं ‘नदीकाठची संस्कृती’ हे चित्र मुळात तिथलं आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिथला वारा वर्षाचा बराचसा काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. होडी प्रवाहाबरोबर खाली न्यायची, शीड उभारून वर आणायची. पूर येतो तो ऐन उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना; ओसरतो शरदात, पेरणीच्या तोंडावर. दोन्ही बाजूंना वाळवंट, त्यामुळे पाठीमागून शत्रू येण्याची भीतीही कमी. एवढी शहाणी नदी जगात दुसरी क्वचितच असेल. तैग्रिस-युफ्रेटिसचा स्वभाव अगदी उलटा. तिथला पूर डोंगरातलं बर्फ वितळून एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणजे जव-गहू काढणीला आलेला असताना. मग बांध घाला, कालवे काढा, गाळ उपसा, आणि हे सगळं शेकडो माणसांनी एकत्र येऊन दरवर्षी करा. काही इतिहासकार इथून पुढे जातात आणि इजिप्तचे देव प्रसन्न का, सुमेरचे देव लहरी का, याचंही उत्तर नदीत शोधतात. मला तो मोह जरा जास्तीचा वाटतो. पण नदी नदीत फरक असतो आणि तो माणसांच्या व्यवस्थेत उतरतो, इतकं मान्य करायला हरकत नाही.

दख्खनची गोष्ट मात्र नदीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते वाऱ्यापासून.

जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारा ओला वारा कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच वारा डोंगर चढून पलीकडे उतरला की कोरडा झालेला असतो. शिरूरच्या बाजूला पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. म्हणजे मोटारीने दिवसाभरात जाऊन येण्याच्या अंतरात दहा-बारा पटींचा फरक. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. त्या छायेत राहणाऱ्यांना पुस्तक लागत नाही. ढग डोक्यावरून पूर्वेला जाताना ते जन्मभर बघत असतात.

याच डोंगराने नद्यांचंही नशीब ठरवलं. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि जवळपास साडेचौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. भीमा, कृष्णा, प्रवरा, नीरा, सगळ्यांची तीच तऱ्हा. देशावरचं पाणी पूर्वेला जातं आणि मिठापासून परदेशी मालापर्यंत देशाला हवं असलेलं पुष्कळ काही पश्चिमेच्या किनाऱ्यावर असतं. नाईलची गंमत अशी की पाणी, माल आणि माणूस तिघंही एकाच रेषेत ये-जा करतात. इथे पाण्याची वाट वेगळी आणि मालाची वाट वेगळी. दख्खनच्या प्राचीन इतिहासातल्या कितीतरी गोष्टी या फाट्यापासून फुटलेल्या दिसतील.

तिसरी गोष्ट पायाखालची. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. अशा थरांवर थर साचून झालेला हा काळा कातळ आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. या कातळात तांबं मिळत नाही म्हणावं इतकं दुर्मीळ. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी आणि अकीक जातीचे दगड तयार झाले, आणि कातळ झिजला की ते नदीच्या पात्रात येऊन पडू लागले. इनामगावच्या माणसाला तांब्याची चीज जपून वापरावी लागे, पण धारदार पात्यांचा दगड त्याला नदीत वाकून उचलता येत होता. या काळाला ताम्रपाषाणयुग असं आपण म्हणतो खरं. महाराष्ट्रात त्यातला पाषाण भरपूर आणि ताम्र चिमूटभर.

इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभरहून जास्त घरं उघडी पडली. सुरुवातीची वस्ती माळव्याकडून आलेल्या लोकांची, इ.स.पूर्व 1600च्या सुमाराची. मग इ.स.पूर्व 1400 ते 1000 हा ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. कुडाच्या-मातीच्या भिंतींची मोठी चौकोनी घरं, अंगणं, धान्य साठवायच्या कणग्या, चुली. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाल. पुराचं पाणी वळवून घेण्यासाठी लोकांनी चर खणला होता आणि दगड-मातीचा बांधही घातला होता. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार सापडलं. ढवळीकरांनी ते गावच्या प्रमुखाचं घर मानलं. चर खणायला लोकांना बोलावणारा आणि कोठाराची राखण करणारा कुणीतरी असणारच.

एका दफनाबद्दल इथे लिहायलाच हवं. त्या काळातल्या प्रथेप्रमाणे मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडून टाकत. कारण काय असेल याचा आपण अंदाजच करायचा. पण एक माणूस मात्र चार पायांच्या, पोट फुगलेल्या मातीच्या रांजणात बसवलेल्या स्थितीत सापडला आणि त्याची पावलं शाबूत होती. गावात काही माणसांचा मान वेगळा होता, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा?

इ.स.पूर्व 1000च्या सुमाराला काहीतरी बिघडलं. गोदावरी, प्रवरा आणि तापीच्या खोऱ्यांतल्या जोर्वे वस्त्या ओस पडल्या. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद त्यांतलंच एक. ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी साठ किलोंहून जास्त वजनाची शिल्पं जिथे 1974मध्ये सापडली, ते हे गाव. भीमेच्या खोऱ्यात मात्र काही वस्त्या तगल्या, इनामगाव त्यांत होतं. पण तगलं ते बदलून. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. मडक्यांवरचं काम ढिसाळ झालं. शेती आकसली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढली. लोक वर्षातले काही महिनेच एका जागी राहत असावेत असं दिसतं. ढवळीकरांच्या मते याचं मूळ पाऊस कमी होत जाण्यात आहे. सगळा दोष हवामानाच्या माथी मारावा का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि तो असावाही. मला त्यातली दुसरीच बाजू जास्त बोलकी वाटते. एकाच संकटात एका खोऱ्यातले लोक निघून गेले आणि दुसऱ्या खोऱ्यातल्यांनी घराचा आकार, जेवण आणि वर्षाची आखणी बदलून आणखी तीनशे वर्षं काढली. भूगोलाने दोघांनाही पेचात टाकलं होतं. उत्तरं त्यांनी आपापली शोधली.

 

इ.स.पूर्व 700च्या आसपास इनामगावही संपलं. पुढच्या काही शतकांचे पश्चिम महाराष्ट्रातले पुरावे विरळ आहेत. विदर्भात याच सुमाराला लोखंड वापरणारे, दगडांची वर्तुळं रचून मृतांना पुरणारे लोक होते. नागपूरजवळ नायकुंडला त्यांची लोखंड गाळायची भट्टीही सापडली आहे. लोखंड महत्त्वाचं होतं, कारण दख्खनची काळी जमीन. ती ओली असताना पायाला चिकटते, वाळली की दगड होते आणि मधे वाफसा असतो तेवढेच दिवस नांगर चालतो. लोखंडी फाळ हाताशी नसेल तर असली जमीन मोठ्या प्रमाणावर काढणं अवघड. एकदा काढली, की मात्र ती पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवते आणि रब्बीचं पीक नुसत्या ओलीवर येतं. नाईलला जे काम पूर करतो, ते इथे माती करते. फक्त तिला आधी फोडायला हवं.

शेती अशी नदीकाठ सोडून आत सरकली, गावं वाढली, शिल्लक धान्य आणि कापूस हाताशी आला. आता प्रश्न उरला तो डोंगराचा.

सह्याद्रीची भिंत सलग असती, तर दख्खनचा इतिहास फार वेगळा झाला असता. पण तिला खाचा आहेत. नाशिककडे चढणारा थळ घाट, जुन्नरकडे चढणारा नाणेघाट, कार्ल्याकडे चढणारा बोर घाट. या तिन्हींच्या पायथ्याला कोकणातल्या खाड्या आणि त्यांच्या तोंडाशी बंदरं: सोपारा, कल्याण, चौल. आणि या तिन्हींच्या माथ्यावर किंवा थोडं पुढे लेण्यांचे गट: नाशिकची पांडवलेणी, जुन्नरभोवतीची दोनशेंच्या वर खोदकामं, कार्ले-भाजे-बेडसे. नकाशावर तिन्ही ठिपके जोडून बघितले की योगायोगाला जागा राहत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी हे अनेक दशकांपूर्वी दाखवून दिलं. मूळचे गोव्याचे, गणिताचे प्राध्यापक, पुण्याहून मुंबईला दख्खनच्या राणीने ये-जा करणारे. त्या गाडीच्या खिडकीतून बोर घाट लाखो लोकांनी बघितला असेल. कोसंबी उतरून त्या वाटा पायी चालले, वाटेवरच्या देवींची ठाणी आणि बारीक दगडी हत्यारं सापडण्याच्या जागा नोंदवल्या आणि धनगरांची वाट, व्यापाऱ्यांची वाट आणि भिक्षूंची वाट ही बऱ्याच ठिकाणी एकच आहे हे दाखवलं. इतिहास लिहिताना पायाचा उपयोग करणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत.

वाट आधी कुणाची? बहुधा मेंढरांची. पर्जन्यछायेतला धनगर पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या मुलखात असतो, कारण ओल्या चिखलात मेंढरू खुरांच्या आणि इतर रोगांनी मरतं. दिवाळी झाली की त्याचा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि कळपांचा तांडा, घाट उतरून कोकणात जातो, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला भात. पाऊस जवळ आला की तो परत वर. हा क्रम आजही काही ठिकाणी चालतो. पाऊस डोंगराच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडतो म्हणूनच ही देवघेव होऊ शकते. दोन्हीकडे सारखाच पडता तर कुणाला घाट उतरायचं कारण उरलं नसतं.

आणि मग समुद्र. जूनमध्ये कोकणाला झोडपणारा जो वारा, त्याच्याच जोरावर तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं अरबी समुद्र थेट कापून येत. इजिप्तमधून जुलैच्या सुमाराला निघायचं, पावसाचा भर ओसरला की भारताचा किनारा गाठायचा आणि वारा उलटा फिरला की हिवाळ्यात परत. नाईलचा उन्हाळी पूरही त्याच महिन्यांत इथिओपियाच्या पठारावर पडणाऱ्या पावसाचा. म्हणजे एकाच ऋतूत तिकडे इजिप्तची शेतं भिजत होती, इकडे कोकण भिजत होतं आणि मधल्या समुद्रावर शिडं फुगलेली होती. घाटातली वाहतूकही याच वेळापत्रकाला बांधलेली. पावसाचे चार महिने वाटा बंद. त्या काळात भिक्षूंनी एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. पावसाने उघडीप दिली की बैलांच्या पाठीवर गोण्या चढायच्या, कारण जहाजं तोवर किनाऱ्याला लागलेली असत.

नाणेघाटाच्या माथ्यावर, वाट वर पोचते त्या खिंडीच्या तोंडाशीच, एक चौकोनी गुहा आहे. तिच्या भिंतींवर दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहन घराण्यातल्या राणी नागनिकेचा लेख आहे, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे आहेत. शून्य अजून यायचं होतं, म्हणून दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरली आहेत. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. सांगू देत. मला महत्त्वाचं वाटतं ते लेखाचं ठिकाण. राजधानी पैठणला, तिथून कितीतरी दूर. हा एवढा खर्चाचा, कीर्तीचा लेख राणीने राजवाड्याजवळ कोरवला नाही. तो कोरवला जिथून किनाऱ्यावर जाणारा प्रत्येक बैल आणि वर येणारा प्रत्येक परदेशी माणूस गेल्याशिवाय राहणार नाही, अशा जागी. डोंगरातली खाच ज्याच्या ताब्यात, दख्खन त्याच्या ताब्यात, हे त्या राजघराण्याला पक्कं ठाऊक होतं.

ते तसंच ठाऊक असलेले आणखीही कुणी होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची वाटाड्या वही लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आणि तगर म्हणजे तेर ही दख्खनची दोन मोठी गावं येतात. पैठणहून अकिकाच्या जातीचा दगड, तेरहून जाडंभरडं आणि तलम असं सगळ्या तऱ्हेचं कापड. पण हा माल जातो कुठे? जवळच्या कल्याणला नाही. गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब मुलखातून तो भडोचला जातो. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर आणखी दहा. असं का, याचं उत्तर त्याच वहीत आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, आता तिथे अडथळे आहेत, आणि एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता आहे.

म्हणजे वारा तोच, घाट तोच, खाडी तीच. पण मधे भडोच ताब्यात असलेल्या शक क्षत्रपांचं राज्य आलं आणि पैठणच्या व्यापाऱ्याला डोळ्यांसमोरची वाट सोडून वीस दिवसांचा फेरा पडला. भूगोलाने सगळं ठरतं असं म्हणणाऱ्यांनी ही दोन-चार वाक्यं जरूर वाचावीत. याच क्षत्रपांपैकी नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत आणि ते भूगोलाच्या दृष्टीने फार मजेचे आहेत. पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. भडोच, सोपारा, गोवर्धन इथे धर्मशाळा बांधल्या. विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि बाकीच्या हजारावर पाऊण व्याज. आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रं. नदी ओलांडता येत नाही म्हणून नाव, पाऊस आहे म्हणून वर्षावास, कापूस पिकतो म्हणून विणकर आणि विणकरांकडे पैसा खेळता म्हणून बँक. दगडावरच्या काही ओळींत अख्खा मुलूख बसला आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आहे. लढाई कशासाठी होती हे नाणी सांगत नाहीत, पण ज्या मुलखात झाली तो मुलूख सांगतो. घाट आणि त्यांच्या पायथ्याची बंदरं.

लेणी एवढी का, याचं अर्धं उत्तर पायाखालच्या कातळात आहे. थरांवर थर असलेला बेसाल्ट आडवा, सलग आणि उभ्या कड्यांत उघडा पडलेला. वरून खाली कोरत गेलं तर छत कोसळत नाही. बांधकामाला विटा भाजायला नकोत, लाकूड वाहून आणायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी अडतीस मीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं झाली तरी शाबूत आहेत. त्या कमानींचा भार पेलण्याशी काही संबंध नाही. लाकडी इमारतींची सवय डोळ्यांतून जात नव्हती, एवढंच. दगडात उतरणारं पाणी थरांच्या सांध्यांतून झिरपतं, म्हणून लेण्याजवळ टाकी खोदता येतात. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलं आहे आणि पोढीसाठी दान देणाऱ्यांची नावं जागोजाग आहेत. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी भेटतात, यवन म्हणजे ग्रीक लोकही भेटतात. चार महिने आभाळ फाटतं आणि आठ महिने घशाला कोरड पडते, अशा माथ्यावर पाण्याचं टाकं हेच सर्वांत मोठं पुण्य असणार.

या वाटांवरून काय काय गेलं? व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. 79मध्ये पाँपेई गाडलं गेलं, त्या राखेतून 1938मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन इथे सापडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा निघाला. समुद्रापासून डोंगराने तोडलेल्या गावात समुद्राचा देव.

पुढे रोमचा व्यापार आटला, तिसऱ्या शतकात सातवाहन संपले, तेरसारखी गावं लहान होत गेली. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली. वाटा मात्र मेल्या नाहीत. इंग्रजांना मुंबईहून देशावर रेल्वे न्यायची होती तेव्हा त्यांच्याकडे सुरुंग होते, वाफेची इंजिनं होती, हजारो मजूर होते. एवढं सगळं असून त्यांनी निवडले ते बोर आणि थळ हेच घाट. पहिल्यातून 1863मध्ये आणि दुसऱ्यातून 1865मध्ये गाडी वर चढली. नाणेघाट तेवढा मागे राहिला. शेजारच्या माळशेजातून डांबरी रस्ता गेला.

आपल्याकडे शाळेत महाराष्ट्राचा इतिहास गडांपासून सुरू झाल्यासारखा शिकवला जातो. गड ज्या कातळावर उभे आहेत आणि ज्या घाटांवर नजर ठेवायला बांधले गेले, त्यांची ओळख मुलांना भूगोलाच्या वेगळ्या पुस्तकात, वेगळ्या बाईंकडून, वेगळ्या तासाला होते. दोन्ही तास एकत्र घेणारा एखादा शिक्षक भेटला तर मुलांचं नशीब.

तोवर तुम्ही एक करू शकता. हिवाळ्यात, सुट्टीचा वार टाळून, नाणेघाटात जा. जुन्नर-घाटघरकडून गाडी थेट माथ्याजवळ जाते; तिने जाऊ नका. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागतं, तिथून पायथ्यापासून चढा. दोन-तीन तास लागतील. वरच्या टप्प्यात दगड रचून केलेली जुनी वाट आहे. पाणी बरोबर ठेवा, आणि गुहेतल्या अक्षरांना हात लावू नका.